नायट्रेटपासून अमोनिया: नवी निर्मिती नव्हे, पुनर्वापर

सांडपाण्यातील नायट्रेटचे विजेच्या साहाय्याने अमोनियात रूपांतर करता येते, म्हणून आता हेबर-बॉश प्रक्रियेची (हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवण्याच्या औद्योगिक पद्धतीची) गरजच उरणार नाही, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. ज्यापासून औद्योगिक नायट्रेटे तयार होतात ते नायट्रिक आम्ल ओस्टवाल्ड प्रक्रियेने अमोनियापासूनच बनते आणि खत दिलेल्या शेतांतून वाहून येणारे बरेचसे नायट्रेट हेही खतातील अमोनियाचे, मातीतल्या जीवाणूंनी ऑक्सिडीकरण केलेले रूप असते. त्यामुळे या विषयावरील पीएच.डी. संशोधन हवेतील नायट्रोजनचे नव्याने स्थिरीकरण करत नाही, तर वाया जाणारा नायट्रोजन परत मिळवते, आणि माझ्या मते तेवढ्यानेही त्याचे मोल मोठे आहे.

खरी कसोटी ऋणाग्रापाशी, म्हणजे द्रावणाला इलेक्ट्रॉन देणाऱ्या विद्युतटोकापाशी, लागते. एका नायट्रेट आयनाचा अमोनिया होण्यासाठी ८ इलेक्ट्रॉन लागतात. तांब्याच्या ऋणाग्रावर आधी तयार होणारे नायट्राइट पुढे क्षपण होण्यापूर्वीच (म्हणजे आणखी इलेक्ट्रॉन मिळून त्याचा अमोनिया होण्यापूर्वीच) द्रावणात निसटू शकते, आणि नायट्रेट विरळ असेल तर बरीचशी वीज पाण्यातून हायड्रोजन सोडण्यातच खर्ची पडते. मिळालेला अमोनिया बाहेरच्या दूषणातून आलेला नाही ना, हे तपासण्यासाठी नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचे जड, दुर्मीळ समस्थानिक) असलेले नायट्रेट वापरतात: त्यापासून बनलेल्या अमोनियमचा संकेत प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संकेत मोजणारी पद्धत) वर्णपटात दोन शिखरांचा दिसतो, तर साध्या नायट्रोजनच्या अमोनियमचा तीन शिखरांचा.