काळ मंदावणं फक्त कागदावर?

‘वेगाने काळ मंदावतो हे नुसतं गणित आहे, प्रत्यक्षात कुणी मोजलेलं नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्तच आहे. रोजच्या वेगात हा फरक जाणवतच नाही. पण बी-मेसॉन हा अणूहूनही लहान, क्षणात फुटणारा जड कण घेतला तर हा फरक चक्क मिलिमीटरात दिसतो.

बी-मेसॉन स्वतःच्या घड्याळाने सरासरी दीड पिकोसेकंद जगतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तो झाला एक पिकोसेकंद. दीड पिकोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम 0.45 मिलिमीटर जातो. म्हणजे काळ सगळीकडे सारखाच चालत असता, तर बी-मेसॉनची सरासरी धाव त्यापलीकडे जायलाच नको.

आता पडताळा घ्या. बी-मेसॉनचं वस्तुमान 5.28 जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक). संवेग (वस्तुमान आणि वेग मिळून ठरणारा गतीचा जोर) त्याच एककांत 105 असेल तर संवेग भागिले वस्तुमान येतं सुमारे 20. सापेक्षतेनुसार 0.45 ला याच आकड्याने गुणायचं: 9 मिलिमीटर. कणांच्या ज्या टकरीतून मेसॉन जन्मला ती जागा आणि तो फुटला ती जागा यांतलं अंतर शोधक यंत्रातल्या सिलिकॉनच्या पट्ट्या टिपतात, आणि सरासरी तितकीच भरते. एखादा कण लवकर फुटतो, एखादा उशिरा. म्हणून एकाच कणावरून काही ठरवता येत नाही, हजारो लागतात.

‘वेगामुळे कणच बदलत असेल’ असंही काही जण म्हणतात. पण वेगवेगळ्या संवेगांच्या मेसॉनची अंतरं आपापल्या संवेग-वस्तुमान भागाकाराने आणि प्रकाशाच्या वेगाने भागली की आयुष्य प्रत्येक वेळी तेच निघतं: दीड पिकोसेकंद.