टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन? जुनी बाईक घेताना ओळखायचे दोन आवाज

पहिली बाईक म्हणून बहुतेकांच्या समोर जुनी स्प्लेंडर, पॅशन नाहीतर एचएफ डिलक्स येऊन उभी राहते. तिन्हींच्या बहुतेक मॉडेलमध्ये तेच ९७.२ सीसीचं आडवं इंजिन आहे. किक मारली की वरून टकटक ऐकू येते आणि विकणारा म्हणतो, "काही नाही, टॅपेट आहेत, शंभर-दोनशेचं काम." कधी ते खरं असतं, कधी तो आवाज टायमिंग चेनचा असतो. नवख्याच्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण खर्चात मोठा फरक आहे.

टॅपेट म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा छोटा हात) आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधला स्क्रू. तिथे मुद्दाम फट ठेवतात, मॉडेलप्रमाणे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी. ती वाढली की रॉकर दर वेळी दांडीवर आपटतो. रॉकरला हलवणारा कॅम हा पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या (मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एक व्हॉल्व्ह ७०० वेळा उघडतो. त्यामुळे हा आवाज बारीक, कोरडा आणि शिलाई मशीनसारखा एका लयीत येतो. रेस वाढवली की लय जलद होते, पण तुटत नाही.

टायमिंग चेन क्रँकवरून कॅमला फिरवते आणि या इंजिनात ती डाव्या बाजूला, ब्लॉकच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या भागाच्या) कप्प्यातून जाते. तिच्या पिना-बुश झिजून ती लांबते, किंवा तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनर रॉडच्या टोकाचं रबर आणि गाइड रोलर झिजतात. मग सैल चेन कप्प्याच्या भिंतीवर घासते, आपटते. हा आवाज खरखर-खळखळ असा, जाडसर आणि लय नसलेला असतो. रेस देऊन एकदम सोडा: चेनवरचा ताण उलटतो आणि नेमकी त्याच क्षणी खळखळ वाढते. टॅपेट तसं करत नाही.

खात्री करायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. इंजिन आयडलिंगला ठेवून टोक आधी हेडवरच्या (व्हॉल्व्ह असलेल्या, ब्लॉकच्या पुढच्या भागावरच्या) टॅपेटच्या झाकणावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. मग टोक ब्लॉकच्या डाव्या बाजूला न्या. जिथे आवाज ठसठशीत होतो तिथे मूळ आहे. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. आवाज उजवीकडून येत असेल आणि क्लच दाबल्यावर बदलत असेल, तर तो क्लचकडचा आहे, या दोघांपैकी नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचीही सौम्य टिकटिक असते. तो दोष नाही, पण लोक त्यालाच टॅपेट समजून विनाकारण सेटिंग करून घेतात.

हे सगळं थंड इंजिनवरच ऐकायचं. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावून पाहा. गरम लागला, तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे. ती थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. ऑइलही पाहा: गाडी डबल स्टँडवर उभी करून डिपस्टिक पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून काढा. ऑइल कमी असेल तर दोन्ही आवाज येतात, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

विक्रीआधी आवाज दाबण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टॅपेट गरजेपेक्षा घट्ट करणं. सोबतीला १०डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल. इंजिन अगदी गप्प होतं आणि नवखा माणूस खूश होतो. पण फट उरली नाही की तापलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवाटे हेडला देतो. तो टेकलाच नाही, तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) जातं, आणि मग हेड उतरवावं लागतं. म्हणून थोडी टकटक करणारी जुनी बाईक घ्यायला आम्ही घाबरणार नाही, संशयास्पद गप्प असलेलीला घाबरू. पकडायचं असं: पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा, दोन मिनिटांनी किक मारा. गरम झाल्यावर किक पोकळ लागते, सुरू व्हायला त्रास देते किंवा आयडलिंगला बंद पडते, तर ती सोडून द्या. गरम असतानाच्या या तक्रारीला दुसरी कारणंही असतात, पण ती शोधत बसायचं काम पहिल्या बाईकवर नको.

टॅपेटचं काम गॅरेजमध्ये दोन-तीनशे रुपयांत होतं. टायमिंग चेनसाठी मॅग्नेट (क्रँकच्या डाव्या टोकावरचं चाक) काढावं लागतं. चेन, रोलर, रबर आणि मजुरी धरून साधारण दीड ते अडीच हजार लागतात. ते किमतीतून वजा करा आणि गाडी घ्या, पण काम पुढे ढकलू नका. चेनने दात सोडला की व्हॉल्व्हचं टायमिंग चुकतं, ताकद जाते, आणि जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकू शकतो. नुसती चेन बदलून जुनं रबर ठेवलं तर खळखळ लवकरच परत येते.

टॅपेट सेट करताना शेजारी उभे राहा. इंजिन पूर्ण थंड असावं. डावीकडच्या झाकणातून मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवतात. तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. न हलल्यास क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवायची, कारण पिस्टन वर असला तरी तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक नाही. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलकं अडकत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर गेज पुन्हा घालून पाहायला सांगा, आवळताना स्क्रू फिरून फट बदलते. बोटाच्या अंदाजाने सेट करणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका.