सॉफ्टवेअर सिंथेसायझरची ध्वनिनियंत्रणे

संगणकावर चालणाऱ्या सिंथेसायझरच्या पडद्यावरील नॉब, पट्ट्या आणि बटणे. आवाज कशापासून तयार व्हावा, त्यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि सूर दाबल्यापासून विझेपर्यंत तो कसा बदलावा हे त्यांनी ठरते. त्यांची मांडणी जुन्या यंत्रांकडून आली आहे. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये तयार केलेल्या मॉड्यूलर सिंथेसायझरचे भाग वादकालाच वायरींनी जोडावे लागत. १९७० च्या मिनीमूगमध्ये ते एका पेटीत आधीच जोडलेले आले आणि डावीकडून उजवीकडे ऑसिलेटर, मिक्सर, फिल्टर, आउटपुट असा क्रम रुळला. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही प्लगइनची, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून चालवायच्या छोट्या सॉफ्टवेअरची, पद्धत आणली आणि १९९९ पासून त्यात वाद्येही चालू लागली. पडदा कितीही रंगीत असला तरी बहुतेक सॉफ्टवेअर सिंथवर हाच क्रम ओळखता येतो.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात ऑर्केस्ट्रा, आगरी-कोळी हळदीचे कार्यक्रम, गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांमुळे कीबोर्ड वाजवणाऱ्यांना कामाची वाण नसते. जुने वादक आवाजाला ‘टोन’ म्हणतात, लॅपटॉपवाले ‘पॅच’. सॉफ्टवेअरसोबत तयार पॅच शेकड्यांनी मिळतात, पण त्यांत बेंजो किंवा सनईचा कानाला पटेल असा पॅच क्वचितच सापडतो. तो स्वतः घडवायचा तर नियंत्रणे समजून घ्यावीच लागतात.

ऑसिलेटर हा आवाजाचा उगम. पांढरी सहाचा २२० हर्ट्झचा सूर वाजला की त्याबरोबर ४४०, ६६०, ८८० असे पटीतले वरचे सूरही कमी-अधिक प्रमाणात उमटतात. त्यांच्या प्रमाणावर आवाजाचा रंग ठरतो. करवती लहरीत हे सगळे वरचे सूर असतात, म्हणून ती तेजस्वी आणि खरखरीत वाटते. चौकोनी लहरीत फक्त विषम पटीतले असल्याने तिला क्लॅरिनेटसारखा पोकळ रंग येतो. त्रिकोणी लहरीतही विषमच, पण फार क्षीण. साइन लहरीत मूळ सुराशिवाय काही नाही. दोन ऑसिलेटर घेऊन एकाचा सूर किंचित हलवण्याच्या नियंत्रणाला डिट्यून म्हणतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात. ४४० हर्ट्झच्या सुराला ७ सेंट डिट्यून दिले की दोन लहरींमध्ये सेकंदाला सुमारे १.८ वेळा चढउतार होतो आणि आवाज भरदार लागतो.

पुढे फिल्टर. लो-पास फिल्टर कटऑफच्या, म्हणजे आपण ठरवलेल्या कंप्रतेच्या, खालचे सूर जाऊ देतो आणि वरचे उतरत्या क्रमाने दाबतो. ‘२४ डीबी’ निवडले तर कटऑफच्या एक सप्तक वर आवाज साधारण २४ डेसिबलने पडतो. ‘१२ डीबी’ त्याहून सौम्य. रेझोनन्स कटऑफजवळचा भाग उचलून धरतो. तो फार वाढवला की अनेक सिंथमध्ये फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो, म्हणून हेडफोन कानात असताना हा नॉब फिरवण्यापूर्वी आवाज खाली आणावा. सुराच्या उंचीबरोबर कटऑफ सरकवणाऱ्या ‘की ट्रॅक’ कडे नवशिके बघतही नाहीत. ते शून्यावर असेल तर कटऑफ जागचा हलत नाही आणि वरच्या सप्तकातले सूर बोथट होत जातात.

सर्वांत जास्त वेळ मात्र एन्व्हलपला द्यावा. वाद्याची ओळख कानाला पटते ती मुख्यतः सूर कसा सुरू होतो आणि कसा संपतो यावरून. एन्व्हलपची चार नियंत्रणे असतात. अ‍ॅटॅक म्हणजे सूर पूर्ण उंचीला पोचायला लागणारा वेळ आणि डिके म्हणजे तिथून खाली येण्याचा वेळ. सस्टेन म्हणजे कीबोर्डची पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकणारी पातळी. बाकी तिन्ही वेळा, हीच तेवढी पातळी, आणि गोंधळ नेमका इथे होतो. रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर विझण्याचा वेळ.

बेंजोचे उदाहरण घेऊ. इथल्या बेंजो पार्टीत वाजतो तो कळा दाबून, तारा छेडून वाजवायचा बुलबुलतरंग घराण्यातला बेंजो. त्याच्या सुराच्या तारा एकाच स्वरात लावलेल्या असतात, पण तंतोतंत कधीच जुळत नाहीत. म्हणून दोन करवती लहरी घेऊन त्यांत ५ ते ८ सेंटचा फरक ठेवावा. अ‍ॅटॅक जवळजवळ शून्य, डिके ४०० मिलिसेकंदांच्या आसपास, सस्टेन शून्य, रिलीज १५० मिलिसेकंद. एवढ्याने छेडलेली तार ऐकू येते, पण अजून कापसात गुंडाळल्यासारखी. खणखणीतपणा येतो तो फिल्टरच्या स्वतंत्र एन्व्हलपमधून: कटऑफ ६०० हर्ट्झच्या जवळ, एन्व्हलप अमाउंट (एन्व्हलपने कटऑफ किती हलवावा ते) वर, डिके २०० मिलिसेकंद. आता प्रत्येक आघाताला फिल्टर क्षणभर उघडून मिटतो. शेवटी मोनो-लेगाटो, म्हणजे एका वेळी एकच सूर सलग जोडून वाजवण्याची सोय, बंद करावे. ते चालू असताना एक पट्टी न सोडता दुसरी दाबली, तर बहुतेक सिंथमध्ये एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही आणि बेंजोचे भराभर पडणारे आघात नाहीसे होतात.

सनईला नेमके उलटे हवे. सस्टेन जवळजवळ पूर्ण, अ‍ॅटॅक ३० ते ५० मिलिसेकंद, मोनो-लेगाटो चालू, आणि एका सुरातून दुसऱ्यात मींडेसारखे सरकण्यासाठी थोडा ग्लाइड. सुराची थरथर एलएफओ देतो. हा ऐकू न येणारा संथ ऑसिलेटर दुसरे एखादे नियंत्रण हलवत राहतो. त्याचा वेग ५ ते ६ हर्ट्झ ठेवून तो सुराच्या उंचीला जोडला की कंप येतो. एलएफओला डिले द्यायलाच हवा, कारण खरा वादक सूर लागल्यावर कंप घालतो, लागतानाच नाही.

पॅड, म्हणजे मागे पसरलेला सलग आवाज, करताना लयीचा हिशेब ठेवावा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे आवर्तन २ सेकंदांत संपते. पॅडचा अ‍ॅटॅकही २ सेकंद असेल आणि दर आवर्तनाला कॉर्ड बदलत असेल, तर पॅड भरायच्या आतच बदलतो. निवांत भावगीतात सुंदर वाटलेला पॅच कोळीगीताच्या ठेक्यात ऐकूच येत नाही, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते.

वरचे वर्णन वजाबाकीच्या पद्धतीच्या, म्हणजे भरगच्च लहरीतून फिल्टरने नको ते गाळणाऱ्या, सिंथला लागू पडते. एफएम पद्धतीत एक लहर दुसरीची कंप्रता हलवते. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचे हे संशोधन यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स७ मधून लोकप्रिय केले. तिथे फिल्टरऐवजी ऑपरेटरांची (या लहरी तयार करणाऱ्या भागांची) पातळी आणि त्यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर रंग ठरवतात. शिकण्यासाठी सर्ज एक्सटी हा मुक्तस्रोत सिंथ किंवा व्हायटलची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. पैसे खर्च करायचेच तर आधी चांगल्या हेडफोनवर करावेत. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्जाचे निर्णय घेता येत नाहीत.

गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या मंचावर माउस धरून नॉब फिरवणे शक्य नसते. तेव्हा मिडी (वाद्ये आणि संगणक यांच्यात संदेश पाठवण्याची पद्धत) कीबोर्डचे नॉब सिंथला जोडतात. मिडीच्या प्रघातानुसार नियंत्रण क्रमांक १ मॉड्युलेशन, ७ आवाजाची पातळी, ६४ सस्टेन पेडल, ७१ रेझोनन्स आणि ७४ कटऑफसाठी वापरतात. पेडलचा सस्टेन वेगळा आणि एन्व्हलपचा वेगळा: शून्य सस्टेनच्या बेंजोला पेडल दाबूनही डिकेपलीकडे लांबी येत नाही. आणि सूर बोटामागून येतोय असे वाटले, तर अ‍ॅटॅकला हात लावण्यापूर्वी ऑडिओचा बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून मग वाजवतो तो ध्वनीचा तुकडा, पाहावा. ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंद उशीर करतो. तोच १०२४ वर ठेवला की २३ मिलिसेकंद, आणि ढोलकीच्या जोडीला वाजवताना तेवढा उशीर बोटांना लगेच जाणवतो.