थिसिस आणि क्लिनिकल ट्रायल: संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ येऊन ‘एका अभ्यासासाठी संमती हवी आहे’ असे सांगतात, तेव्हा गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून आलेल्या नातेवाइकांच्या मनात पहिली शंका येते ती आपल्या माणसावर नव्या औषधाचा प्रयोग तर होणार नाही ना, ही. शंका रास्त आहे. मात्र ‘अभ्यास’ हा एकच शब्द इथे दोन निराळ्या कामांसाठी वापरला जातो.

एमडी किंवा एमएसच्या ३ वर्षांच्या प्रशिक्षणात प्रत्येक निवासी डॉक्टरला गाईडच्या देखरेखीखाली प्रबंध, म्हणजे थिसिस, लिहावा लागतो. बहुतेक थिसिसमध्ये उपचार नेहमीचेच राहतात. फक्त तपासण्यांचे आकडे आणि आजाराची वाटचाल नोंदवली जाते.

क्लिनिकल ट्रायलमध्ये मात्र कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे संशोधनाचा आराखडा ठरवतो, आणि अनेकदा ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. म्हणूनच तिच्यावरील बंधने कडक आहेत. औषधांच्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे, आणि २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते.

थिसिस विद्यार्थ्याची आणि ट्रायल औषध कंपनीची, ही समजूत मात्र चुकीची आहे. विदर्भाला जवळच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच उदाहरण घ्यावे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधामुळे वेदनेचे क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनेचे झटके, कमी होतात, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांच्या ट्रायलने दाखवले होते. तिथे प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत क्रायसिसचा मध्यक वर्षाला ४.५ होता, तर औषध घेणाऱ्यांत २.५. आपल्याकडील मुलांना कमी, ठरावीक मात्रा पुरेल का, हा प्रश्न त्यानंतरही उरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ६० मुलांचे दोन गट करून, एका गटाला दररोज किलोमागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया आणि दुसऱ्याला प्लासिबो देऊन तो तपासला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्या मुलांचे क्रायसिस स्पष्टपणे घटलेले दिसले.

आता समजा, त्याच वॉर्डात एखाद्या निवासी डॉक्टरने थिसिससाठी केवळ नोंदी पाहिल्या आणि हायड्रॉक्सीयुरिया घेणारी मुले कमी वेळा दाखल झाल्याचे आढळले. त्यावरून श्रेय औषधाला देता येणार नाही, कारण गोळ्या नियमित घेणारी मुले बहुधा जवळ राहणारी, वेळेवर दाखवायला येणारी, घरी नीट काळजी घेतली जाणारीही असतात, आणि या गोष्टींचा परिणाम औषधाच्या परिणामापासून वेगळा काढणे अवघड जाते. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नेमकी हीच अडचण दूर करते. तरीही अशा थिसिसला मी कमी लेखणार नाही. पुढच्या ट्रायलमध्ये काय विचारायचे हे अनेकदा तिथेच कळते.

शिवाय थिसिससाठीही दोन उपचारांची चिठ्ठ्या टाकून तुलना करता येते. तशी केल्यास तो अभ्यास रुग्णाच्या दृष्टीने ट्रायलच असतो. म्हणून कागदावर ‘थिसिस’ लिहिले आहे की ‘ट्रायल’, यापेक्षा ‘या अभ्यासामुळे माझ्या उपचारात काय बदलणार आणि ते कोण ठरवणार?’ हे विचारावे. दोन्ही प्रकारांत आचारनीती समितीची मान्यता लागते, दोन्हींत नकार देता येतो, आणि दिलेली संमती मध्येच मागे घेतली तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.