पावसात टिकणारी ब्लू-ब्लॅक आणि नुसती दिसायला ब्लू-ब्लॅक

मृग जवळ आला की कोकणात शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: "रॉयल ब्लू पावसात पसरते, ब्लू-ब्लॅक घ्या, ती पाण्याने जात नाही." हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि त्याच्या भरवशावर लिहिलेल्या किती वह्या भिजून कोऱ्या झाल्या असतील कोण जाणे. 'ब्लू-ब्लॅक' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांमध्ये दोन मुळात वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत लोखंड असतं. दुसरीत नुसता रंग असतो. वरून बघून फरक कळत नाही, आणि दुकानदाराला विचारलं तर तोही छटाच दाखवतो.

रॉयल ब्लूबद्दल फार सांगायला नको. शाळेपासून तीच वापरली आहे. पाण्यात विरघळलेला निळा रंग, पेनाला सोशिक, शर्टावर पडली तर धुऊन जाते, आणि त्याच गुणामुळे कागदावरूनही धुऊन जाते. बाजारातल्या बहुतेक ब्लू-ब्लॅक याच जातीच्या आहेत. निळ्यात थोडा काळा किंवा करडा रंग घालून छटा गडद केलेली असते, एवढंच. छटा गडद झाली म्हणून शाई कागदाला जास्त घट्ट धरत नाही. घोळ नेमका इथे आहे.

दुसऱ्या जातीला आयर्न गॉल म्हणतात. तिची घडण समजून घेतली तर पुढची निम्मी चर्चा करावी लागत नाही. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर एका किड्यामुळे धरलेली गाठ, इंग्रजीत गॉल. तिच्यात टॅनिन भरपूर असतं. हे टॅनिन किंवा त्यापासून मिळणारं गॅलिक आम्ल, आणि हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट, हे दोन्ही पाण्यात एकत्र करून थोडं आम्ल घातलं की शाईचा पाया तयार होतो. हा पाया जवळजवळ बिनरंगी असतो. लिहिताना काही दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. कागदावर शाई गेली की तिला हवा लागते, लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, आणि टॅनिनशी जोडलेलं एक काळसर संयुग कागदाच्या तंतूंमध्ये तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की पातं निळसर काळं पडतं, किंवा लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळाकुट्ट होतो, ती हीच प्रक्रिया. आपल्या सह्याद्रीतला हिरडाही टॅनिनने भरलेला आहे आणि लोहाबरोबर तोही काळाच रंग देतो.

म्हणजे आयर्न गॉलची ओळ लिहिताना निळी असते आणि काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, काळपट होते. लंडनच्या हेन्री स्टीफन्स यांनी १८३० च्या दशकात विकायला काढलेली ब्लू-ब्लॅक शाई या प्रकारची होती. त्या काळी दस्तऐवज, चर्चची नोंदणीपुस्तकं, सरकारी कागद यांसाठी हाच रंगबदल विश्वासाची खूण मानला जाई. जर्मनीत १८९० च्या सुमारास प्रमाण ठरलेल्या आयर्न गॉल शाईत लिटरला ३० ग्रॅम हिराकस असे. आज फाउंटन पेनसाठी मिळणाऱ्या बहुतेक आयर्न गॉल शायांत लोह आणि आम्ल त्याहून बरंच कमी ठेवलेलं असतं.

पाण्यात काय होतं तेही नीट लक्षात घ्यावं, कारण इथे आणखी एक गैरसमज असतो. आयर्न गॉलवर पाणी पडलं की निळा रंग सुटतोच. पान निळं होतं, आणि लोक घाबरून म्हणतात, "ही पण गेली." गेलेली नसते. निळा रंग वाहून गेला की खाली करडी-काळी ओळ उरते आणि ती वाचता येते. नुसत्या रंगाच्या ब्लू-ब्लॅकमध्ये निळ्याबरोबर काळाही निघून जातो आणि मागे फिकट डाग उरतो. दोन्ही पानं भिजल्या क्षणी सारखीच भयंकर दिसतात. वाळल्यावर एक वाचता येतं आणि दुसरं नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, सावित्रीचं महाडमध्ये. कागदपत्रांच्या बाबतीत हा फरक छंदाचा राहत नाही, हे तिथल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

आता नावं. पेलिकान ४००१ ची ब्लू-ब्लॅक आयर्न गॉल आहे, सौम्य आहे. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आयर्न गॉल आहे. रोरर अँड क्लिंगनरची 'सालिक्स' आयर्न गॉल आहे आणि नावात ब्लू-ब्लॅक नसूनही वागते अगदी तशीच. डायमाइनची 'रजिस्ट्रार्स इंक' यांच्यापेक्षा कडक आहे. उलट पार्करची 'क्विंक' ब्लू-ब्लॅक नुसत्या रंगाची आहे, तिच्यात लोह नाही. वॉटरमनची, जिला आता 'मिस्टीरियस ब्लू' म्हणतात, तीही रंगाची, आणि कालांतराने हिरवटाकडे झुकते. लामीच्या बाटलीतली ब्लू-ब्लॅक आधी आयर्न गॉल होती. साधारण २०१२ च्या सुमारास ती साध्या रंगाची झाली आणि नाव तेच राहिलं. म्हणून "माझ्याकडे पूर्वी हीच होती, उत्तम टिकली" या शिफारशीला अर्थ नाही. बाटली कोणत्या काळातली, हे आधी विचारा.

पायलटची ब्लू-ब्लॅक मध्येच बसते. तिच्यात लोह नाही, पण पाण्यात ती रॉयल ब्लूपेक्षा कितीतरी जास्त टिकते, ओळ बऱ्यापैकी उरते. ज्यांना आयर्न गॉलची निगा नको आहे त्यांना मी हीच सुचवतो. तिसरी जात रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची. सेलरची 'सेई-बोकू' त्यातली. पाण्यात ती सर्वांत पक्की, पण पेनात सुकू दिली तर धुताना घाम फुटतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. छटा कुणाची जांभळट, कुणाची करडी, किंमत कमीजास्त, काही शाया कागदावर चमकतात. यावर पानंच्या पानं लिहिली जातात. छटा डोळ्याला आवडली की घ्यावी, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मात्र रॉयल ब्लूच्या बाटलीत थोडी काळी शाई ओतून "घरची ब्लू-ब्लॅक" बनवणं सोडून द्या. त्यातून छटा मिळते, टिकाऊपणा मिळत नाही. आणि मिसळलेल्यांपैकी एक आयर्न गॉल असेल तर आम्लाचं गणित बिघडून तळाला गाळ बसतो. तो गाळ पुढे तुमच्या पेनाच्या फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या भागात जातो.

जुन्या बाटल्यांवरचा 'परमनंट' हा शब्दही फसवतो. क्विंक १९३१ पासून बाजारात आहे. तिच्या जुन्या बाटल्यांवर 'परमनंट' आणि 'वॉशेबल' असे दोन प्रकार असत. तो फरक मुख्यतः कपड्यावरून धुऊन जाण्याचा आणि रंग फिका पडण्याचा होता. पाण्यात बुडालेलं पान वाचता येईल, असं वचन त्या शब्दात नव्हतं.

पारखायची कशी? बाटलीवर बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे पारख करावीच लागते, आणि ती आपल्या हवेत, आपल्या कागदावर करावी. कापसाच्या बोळ्याने जाड कागदावर रंगाचा पट्टा ओढून काढलेले फोटो शाईबद्दल काहीच सांगत नाहीत. बोळा जेवढी शाई सोडतो तेवढी कुठलीही निब सोडत नाही. ज्या पेनाने रोज लिहिता त्यानेच लिहा, आणि ज्या वहीत लिहिता तिच्याच पानावर. फुलस्केप वापरत असाल तर फुलस्केपवर.

एकाच पानावर वर रॉयल ब्लूच्या चार ओळी, खाली नव्या ब्लू-ब्लॅकच्या चार ओळी. बाजूला तारीख आणि वेळ. टीपकागद लावू नका. ओली आयर्न गॉल टिपली तर जी शाई काळी व्हायची तीच उचलली जाते आणि ओळ कायमची फिकी राहते. पान उघडं ठेवा, हवा लागू द्या. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ओळ ठळकपणे काळपट झाली असेल तर लोह आहे. निळी होती तशीच राहिली तर बहुधा नाही. मग पान उभं कापा. एक पट्टी अंधाऱ्या खणात ठेवा. दुसरी खिडकीत, अर्धी पुठ्ठ्याने झाकून, म्हणजे उन्हाने रंग किती उडतो ते कळेल. तिसरीवर पाण्याचे थेंब टाका, काही मिनिटं राहू द्या, मग नळाखाली धरा. ही पाण्याची परीक्षा लिहिल्यावर पूर्ण एक दिवस उलटल्याशिवाय करू नये. तासाभरात पाणी ओतून "आयर्न गॉलसुद्धा टिकत नाही" असा निकाल देणाऱ्यांनी शाईला तिचं काम करायला वेळच दिलेला नसतो. शंका राहिलीच तर एका अक्षरावर कपडे धुवायच्या ब्लीचचा थेंब टाका. नुसता रंग असेल तर अक्षर बहुधा नाहीसं होईल. लोह असेल तर पिवळट तपकिरी खूण मागे राहील. म्हणूनच आयर्न गॉलचा डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला ब्लीच कधीच लावू नये, तो गंजाचा डाग होऊन बसतो.

ही सगळी परीक्षा पावसाळ्यात पुन्हा करा. मे महिन्यात सावंतवाडीत ज्या पानावर ओळ धारदार उमटते, त्याच पानावर जुलैत तिचे काठ फुटतात. किनाऱ्यावर तेव्हा हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, कागद ओलावा ओढून मऊ होतो आणि शाई तंतूंतून पसरते. थंड, कोरड्या देशातल्या कुणीतरी सांगितलेला "दहा सेकंदांत वाळते" हा आकडा इथे उपयोगाचा नाही. आयर्न गॉलचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण इथेच दिसतो. तिचा ओघ कोरडा असतो, म्हणजे निबेतून शाई बेतानेच उतरते, त्यामुळे स्वस्त, दमट कागदावरही ती कमी पसरते आणि मागच्या पानावर कमी उतरते. ज्यांची निब आधीच खरखरीत चालते त्यांना हाच कोरडा ओघ त्रास देईल. त्यांनी थोडी रुंद निब घ्यावी.

आयर्न गॉलबद्दलची भीती मात्र उगाच वाढवलेली असते. "पेन खाऊन टाकते" हे जुन्या, कडक शायांबद्दल खरं होतं. साध्या पोलादी निबा त्यात गंजत. सोन्याच्या निबेला काही होत नाही. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या निबेला सौम्य आयर्न गॉल चालते, फक्त सोन्याचा मुलामा असलेली निब असेल तर मुलामा हळूहळू जाऊ शकतो. पेन रोज चालू असलं पाहिजे. महिनाभर टोपण लावून पडून राहिलं तर फीडमध्ये जे बसतं ते पाण्यात विरघळत नाही. दर एक-दोन भरण्यांनंतर साध्या पाण्याने धुवा, आणि दुसऱ्या शाईवरून आयर्न गॉलवर येताना पेन पूर्ण स्वच्छ करून घ्या. आजीच्या काळातलं, आत पोलादी भाग असलेलं जुनं पेन असेल तर त्यात ही शाई घालू नका.

कागद खाण्याची गोष्ट वेगळी आणि खरी आहे. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत आयर्न गॉलच्या अक्षरांच्या जागी कागद तडकलेला, कुठे अक्षराच्या आकाराची भोकं पडलेली दिसतात. जास्तीचं लोह आणि आम्ल हे त्याचं कारण, आणि दमट हवा ते काम जोरात करते. आपल्याकडे बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेल्या मोडी कागदांना हा रोग नाही, कारण काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. ती काजळाची शाई फाउंटन पेनात मात्र कधी घालू नये, पेन कायमचं तुंबतं. रोजच्या वहीत सौम्य आयर्न गॉलने लिहिल्याने तुमच्या हयातीत पान तडकेल, असं मी मानत नाही. पण घराण्याची वंशावळ शतकभरासाठी लिहून ठेवायची असेल तर आयर्न गॉल नको, पिगमेंटची शाई घ्या.

माझी निवड स्पष्ट आहे. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, गड्यांची मजुरी, रोजनिशी, जे पुढे कधीतरी उघडून वाचावं लागणार आहे ते सगळं पेलिकान ४००१ किंवा सालिक्सने. पत्रं आणि कच्चं लिखाण रंगाच्या कुठल्याही ब्लू-ब्लॅकने, जी डोळ्याला गोड वाटेल तिने. ज्याला एकच बाटली ठेवायची आहे आणि पेन धुण्याचा कंटाळा आहे त्याने पायलट.

आयर्न गॉलची बाटली मात्र लहान घ्यावी. एकदा झाकण उघडलं की बाटलीतल्या हवेने आतली शाईही हळूहळू काळी होत जाते आणि तळाला गाळ धरते. झाकण घट्ट लावा, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. तळाला गाळ दिसला तर वरची निवळ शाई वापरायच्या मोहात न पडता ती बाटली टाकून द्या.