माळ्यावरचा 'प्रिन्स'

गणपतीत माळा झाडताना चुलतभावाला जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्यांचा डबा सापडला. साडेतीन इंची, दहा-बारा असतील. 'प्रिन्स' असं खेळाचं नाव बॉलपेननं लिहिलेलीचं पत्र्याचं झाकण सरकवलं, तर आत चकतीवर बुरशीची पांढरी नक्षी. मालवणात पावसाळ्यात पापडसुद्धा डब्यात सादळतात, फ्लॉपी कुठली टिकायला! लॅपटॉपला आता फ्लॉपीची खाचच नसते, ते वेगळंच.

जॉर्डन मेकनरनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ साली अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी केला, पुढच्या वर्षी तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसींच्या प्रणालीवर, आला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्यानं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. डॉसच्या मूळ खेळात पहिली पातळी संपली की छापील पुस्तिकेतलं अक्षर शोधून त्याच अक्षराची बाटली प्यावी लागे. चाकरमान्यांच्या बॅगेतून गावात आलेल्या कॉपीला पुस्तिका कुठली? ते कुलूप कुणीतरी आधीच फोडलेलं असायचं. चोरीच ती, पण आमच्यापर्यंत खेळ पोचला तो तिच्यामुळेच.

जुने खेळ नव्या मशीनवर का चालत नाहीत, याची कारणं दोन. १९८१च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि सुरुवातीचे कितीतरी खेळ त्या वेगावरच बेतलेले. मशीन वेगवान झालं की खेळही सुसाट सुटे. म्हणून पुढच्या पीसींवर टर्बो बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग वेग उतरवण्याचा! 'प्रिन्स' मात्र मशीनमधल्या वेळ मोजणाऱ्या घड्याळावर चालायचा, त्याला वेगानं काही केलं नाही. त्याचा घात आताच्या ६४-बिट विंडोजनं केला, कारण तिच्यावर डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत.

यावर तोड निघाली ती २००२ साली आलेल्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममुळे. त्यात खेळाला हात लावत नाहीत. आख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतात, प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळं. खेळ धावत सुटला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबायचं, रखडला तर कंट्रोल आणि एफ-१२. टर्बो बटणच म्हणा, फक्त कीबोर्डवर आलेलं.

मेकनरचा स्वतःचा अ‍ॅपल टूचा सोर्स कोडही, म्हणजे त्यानं लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२ साली वडिलांच्या घरच्या कपाटातून फ्लॉप्यांचं खोकं निघालं, जाणकारांनी जुन्या मशीनवर त्या वाचल्या आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या फ्लॉप्या वाचता आल्या. आमचीवर बुरशी.

शेवटी डॉसबॉक्सवर दुसरीकडून मिळवलेली प्रत लावली. पहिल्याच पातळीत राजपुत्र खिळ्यांवर पडला. मोदकांचं सारण ढवळता ढवळता काकी डोकावली, "हो अजून थयच पडता मां रे?"