नॉक्सच्या तिजोरीतला उघडा पिन

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनना गोपनीय सरकारी कामासाठी मान्य उपकरणांच्या यादीत घेतले. त्याच आठवड्यात एका निनावी संशोधकाने गॅलेक्सी फोनमधल्या 'नॉक्स' या सुरक्षा सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती उसवून दाखवली. नॉक्स पहिल्यांदा सुरू करताना पासवर्डबरोबर एक पिनही ठरवावा लागे. तो पिन 'पिन डॉट एक्सएमएल' नावाच्या फाइलमध्ये जसाच्या तसा, कोणालाही वाचता येईल अशा आकड्यांत पडून होता.

नॉक्सची घोषणा झाली फेब्रुवारी २०१३ मध्ये, बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये. कचेऱ्यांत तोवर ब्लॅकबेरीचा जम होता, पण लोकांना कामासाठीही स्वतःचाच फोन वापरायचा होता आणि आयटी विभागांचा अँड्रॉइडवर भरवसा नव्हता. सॅमसंगने तोडगा काढला तो कंटेनरचा: एकाच फोनमध्ये कंपनीच्या मेल-फाइलींसाठी वेगळा, कुलूपबंद कप्पा. फोनवर अनधिकृत सॉफ्टवेअर चढवले की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो आणि मग तो कप्पा उघडत नाही. हार्डवेअरपर्यंत विचार पोचला होता, हे मान्य करायलाच हवे.

घोळ झाला तो 'पासवर्ड विसरलात?' या बटणापाशी. ते दाबून पिन टाकला की पडद्यावर पासवर्डचे पहिले अक्षर, शेवटचे अक्षर आणि एकूण लांबी दिसे. याचा अर्थ साधा आहे: पासवर्ड फोनमध्येच कुठेतरी, परत मिळवता येईल अशा रूपात ठेवलेला होता. नाहीतर त्याचे शेवटचे अक्षर दाखवणार कुठून?

ही 'मदत' किती महागात पडते ते पाहा. समजा, पासवर्ड फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा आणि आठ अक्षरी आहे. शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. दोन टोके कळली की उरतात जेमतेम ३१ कोटी, म्हणजे ६७६ पट कमी, आणि एवढ्या शक्यता तपासणे संगणकाला अवघड नाही. त्यातून संशोधकाच्या म्हणण्यानुसार तिथवर जायचीही गरज नव्हती. पासवर्ड ज्या किल्लीने झाकला होता, ती फोनचा अँड्रॉइड आयडी म्हणजे ओळखक्रमांक आणि कोडमध्येच लिहून ठेवलेली एक ठरावीक अक्षरमाला यांतून तयार होत होती. त्या काळी अँड्रॉइड आयडी फोनवरच्या कोणत्याही ॲपला परवानगीशिवाय वाचता येई. अक्षरमाला तर सगळ्यांच्या फोनमध्ये एकच. नुसती दडवलेली किल्ली ही किल्ली नव्हेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाईट याचे वाटते की हा धडा तेव्हाच ३५ वर्षे जुना होता. युनिक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पासवर्ड साध्या मजकुरात ठेवले जात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात त्यावरचा उपाय सविस्तर मांडला: पासवर्ड साठवायचाच नाही, एकदिशा गणिताने काढलेला त्याचा ठसा साठवायचा. शिवाय प्रत्येक ठशात १२ बिटांचे 'मीठ' (दर वेळी वेगळा घेतलेला एक आकडा) मिसळायचे, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे बहुधा वेगळे पडतात, आणि आधीच करून ठेवलेले ठशांचे तक्ते सहजी कामी येत नाहीत.

हाताएवढ्या फोनपर्यंत येताना हे ज्ञान गळून पडले. खुद्द अँड्रॉइडमध्ये पडद्यावर बोटाने काढायचा पॅटर्न अनेक वर्षे 'जेस्चर डॉट की' या फाइलमध्ये एसएचए-१ या एकदिशा गणिताच्या ठशाच्या रूपात राहिला, तोही मिठाविना. शक्य पॅटर्न एकूण ३,८९,११२. त्या सगळ्यांच्या ठशांचा तक्ता एकदा बनवला की फाइल हातात पडताच पॅटर्न कळे. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये 'गेटकीपर' आल्यावर ही तपासणी प्रोसेसरच्या सुरक्षित भागात गेली आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबायला लावणेही तिथूनच होऊ लागले.

अशा फाइली वाचायला आधी फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो, हा बचाव नेहमी ऐकू येतो. तो खोटा नाही. पण हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या फोनमध्येही मजकूर शाबूत राहावा म्हणूनच तर लोक कंटेनर घेतात. तिथे हा बचाव मला अजिबात पटत नाही.

सॅमसंगने काही दिवसांत उत्तर दिले. तपासणी झाली ती 'नॉक्स १.०' च्या वैयक्तिक आवृत्तीची, तिची जागा आता 'माय नॉक्स'ने घेतली आहे, आणि कंपन्यांसाठीच्या कंटेनरमध्ये असा पर्यायी पिन साठवलाच जात नाही, असे तिचे म्हणणे होते. पुढे २०१७ मध्ये 'सिक्युअर फोल्डर' आले. त्यात पासवर्ड विसरला तर सॅमसंग खात्यातून ओळख पटवून नवा ठेवता येतो. जुन्याचे एकही अक्षर दाखवले जात नाही.